सेलोकर काकाजींची ड्युटी

सेलोकर काकाजी फॅक्टरीत नेमकं काय काम करत होते, हे मला अजूनही माहीत नाही. हे मी जरा लाजतच लिहिते आहे, कारण मी चौकस बाई आहे. आमच्या गल्लीत कुणाच्या पोरीला पाहायला पाहुणे येणार, कुठल्या दोन भावांचं बोलणं बंद आहे, हे मला न विचारता कळतं. आणि कळलं नाही तर मी सरळ विचारते. काकाजींच्या शेजारी मी आधी जवाहरनगरच्या क्वार्टरात वाढले, आणि आता बाहेर प्लॉट पाडलेल्या वस्तीत पुन्हा त्यांच्याच भिंतीला भिंत लावून राहते. एवढ्या वर्षांत त्या माणसानं मला ताकास तूर लागू दिली नाही.

फॅक्टरी दारूगोळ्याची, हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. आत कोण कुठल्या शेडमध्ये काय करतो ते बाहेर बोलायचं नाही, हा तिथला शिरस्ता. तरी बाकीच्या पोरांचे बाबालोक थोडे सैल सुटायचे. साहेब कसा खडूस आहे, ओव्हरटाइम कुणाला मिळाला, कॅन्टीनच्या आलुबोंड्यात मिरची किती, एवढं तरी बायकांपर्यंत पोचायचं. काकाजींकडून तेही नाही. सकाळी फॅक्टरीच्या बसमध्ये खिडकीशी बसून जायचे आणि संध्याकाळी त्याच खिडकीशी बसून यायचे. कुणी काही विचारलं की एकच शब्द: "ड्युटी." दिघोरीला त्यांचं धानाचं शेत होतं, ते भाऊ कसायचा. तिथल्या म्हाताऱ्या आईनंही एकदा विचारलं होतं म्हणे, "सदा, तू करतं तरी काय रे तेथी?" तिलाही हेच उत्तर मिळालं.

चौथीत असताना आम्हाला 'माझे शेजारी' असा निबंध लिहायला सांगितला होता. मी वही घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"काकाजी, तुम्ही फॅक्टरीत काय बनवता?"

"आतापर्यंत काय लिवलं तू?"

"माझ्या शेजाऱ्यांचे नाव श्री. सेलोकर आहे."

"बराबर हाय. आता लिव्ह, ते सकाळी बसनं जातात अन् संध्याकाळी बसनं येतात."

"मग?"

"मंग पूर्णविराम दे."

मी दिला. माझे बाबा त्याच शाळेत शिक्षक होते. त्यांनी तो तीन ओळींचा निबंध वाचला आणि म्हणाले, यात खोटं काही नाही. मार्क मात्र दहापैकी तीनच मिळाले.

काकाजींना खिसे चाचपायची सवय होती. फॅक्टरीच्या गेटवर रोज झडती व्हायची. काडीपेटी नको, विडी नको, लोखंडाचा बारीक तुकडासुद्धा नको. ती झडती त्यांच्या अंगात इतकी मुरली, की दुसऱ्याच्या घरी जातानाही ते दारात थांबून दोन्ही खिसे उलटे करायचे, किल्ली आणि कंगवा काढून कंपाउंडच्या खांबावर ठेवायचे आणि मगच आत यायचे. आमच्या घरी सत्यनारायणाला आले तेव्हा गुरुजींना वाटलं, हे दक्षिणा शोधून राहिले.

आणि अशा माणसाच्या पदरात पडल्या निर्मलाकाकू. काकूंचं माहेर पवनीचं, विणकरांचं घर. दिवसभर मागाचा खटखटाट आणि त्याच्यावर आवाज चढवून गप्पा, यात त्या वाढलेल्या. मी एकदा त्यांना विचारलं, की काकू, तुम्हाला कधी जाणून घ्यावंसं नाही वाटलं? तर सूप हातातच ठेवून म्हणाल्या, "पहिल्या वर्षी विचारलं. दुसऱ्या वर्षी रुसून पाह्यलं. तिसऱ्या वर्षी मंजू झाली, मंग कोणाले वेळ हाय बाप्पा?" मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "विचारलं की त्यायच्या कपायाले आठी पडते. मले ते पाह्यवत नाही. म्हून मी विचारणंच सोडून देल्लं."

काकाजींचं एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जायचं. "विचारल्याशिवाय सांगू नये, अन् विचारलं त बिलकुलच सांगू नये." कपाटातला लाडू कुणी खाल्ला असं आईनं विचारलं, की माझा भाऊ हेच म्हणून दाखवायचा आणि मार खायचा.

काकाजी रिटायर झाले आणि पोरीनं, मंजूनं, त्यांना मोठा मोबाइल पाठवला. मला वाटलं, हे याला हात लावणार नाहीत. पण मी चुकले. त्यांना त्या वस्तूचं विलक्षण कुतूहल वाटलं. फक्त त्यांचं कुतूहल आपल्यासारखं नव्हतं. आपण नवीन ॲप उघडतो, ते काही तरी विचारतं, आपण हो-हो-हो करत पुढे जातो. काकाजी प्रत्येक प्रश्न चष्मा लावून वाचायचे. एके दिवशी त्यांनी पावसाचा अंदाज सांगणारं ॲप उघडलं आणि भिंतीवरून हाक आली.

"सुलभा, हे पाह्य. मी म्हणलं उद्या पाणी येते का नाही ते पाह्यतो. त हे मले म्हणते, तुमचे फोटो पाहू का. पाण्याले माह्या फोटोशी काय करा लागते?"

"काकाजी, सगळेच विचारतात तसं. द्या परवानगी."

"सगळेच देतात?"

"हो."

"कायले?"

मला उत्तर आलं नाही. मी शिक्षिका आहे, उत्तर आलं नाही की मला राग येतो. पण त्या दिवशी घरात येऊन मी माझाच मोबाइल काढून पाहिला, कुणाकुणाला मी काय काय पाहायची मुभा देऊन ठेवली आहे ते. विजेरीच्या ॲपला माझे सगळे फोननंबर माहीत होते.

वस्तीतल्या रिटायर मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप होता. तो चालवायचे भुरे काकाजी, दोन गल्ल्या सोडून राहणारे, एकटे, बायको वारलेली, सगळ्यांच्या कामाला धावणारे. ग्रुपवर सकाळी फुलं, मग देव, मग ज्याच्या त्याच्या नातवाचे फोटो, मग कोण नागपूरला निघालं, कोणाची शुगर किती आली. सेलोकर काकाजी सगळं वाचायचे आणि एक अक्षर टाकायचे नाहीत. मला म्हणाले, "आता कोणाले काही विचारा लागत नाही बाप्पा. आपसूकच सांगून देतात. अमक्याचं घर दहा दिवस बंद हाय, हे चोराले पहिले काढा लागत होतं. आता घरवालाच फोटो टाकते, काशीले पोहोचलो म्हून." हे सांगताना ते कुणाला हसत नव्हते. त्यांना खरंच नवल वाटत होतं, की माणसं इतकी बदलली कशी आणि कुणाला कळलंही कसं नाही.

एकदाच त्यांनी ग्रुपवर लिहिलं. पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचे दिवस होते. भुरे काकाजींनी सगळ्यांच्या सोयीसाठी एक यादी करून टाकली: नाव, फॅक्टरीतला टोकन नंबर, मोबाइल, रिटायर झाल्याची तारीख. सेलोकर काकाजींनी खाली लिहिलं, 'ही यादी काढून टाकावी.' त्यावर चार जणांनी हसरे चेहरे टाकले आणि एकानं हात जोडले. यादी तिथंच राहिली, आणि पुढे कुठं कुठं गेली हे भुऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत काकूंचे गुडघे पार गेले होते. ओट्यावरून स्वयंपाकघरापर्यंत त्या भिंतीला हात लावत जायच्या. भिंतीवर त्यांच्या हाताच्या उंचीवर एक काळसर पट्टा पडला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायचे सांगितले, दिवाळीनंतरची तारीख दिली. रिटायर होताना मिळालेल्यापैकी त्यासाठी म्हणून पैसा बँकेत वेगळा ठेवलेला होता. काकू मला म्हणाल्या, "पाय झाले की पहिले पवनीले जाईन, घाटाच्या पायऱ्या उतरून वैनगंगेत पाय टाकीन." त्यांनी नवी चप्पलसुद्धा घेऊन ठेवली होती.

दिवाळीला महिनाभर असताना काकाजी दोन दिवस दिसले नाहीत. मागच्या खोलीचं दार आतून बंद. मी काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "काम हाय म्हणतात. कोणाले आत येऊ नको म्हणलं." ताट दाराशी ठेवायच्या आणि थोड्या वेळानं रिकामं उचलून आणायच्या. आतून हिंदीत बोलण्याचा आवाज येत होता. काकूंनी काही विचारलं नाही. चाळीस वर्षांची सवय होती.

तिसऱ्या दिवशी काकाजी बाहेर आले, आंघोळ केली, बँकेत जाऊन आले, आणि संध्याकाळी काकूंना म्हणाले, "ऑपरेशन पुढं ढकलू. आता थंडीत नको." काकू बरं म्हणाल्या. मला मात्र चैन पडेना. मी भिंतीवरून दोन-तीनदा खोदून पाहिलं. "काकाजी, तब्येत बरी नाही का?" "बरी हाय." "मग डॉक्टर काही म्हणाले का?" "नाही." दिवाळी आली नि गेली. त्या घरासमोर पणती लागली, पण काकाजींचं खाणं तुटलं होतं, हे मला त्यांच्या गळ्याभोवती ढिल्या पडलेल्या कॉलरवरून कळत होतं.

नंतर जे झालं ते एका शनिवारचं. माझी सकाळची शाळा होती, दुपारी मी स्कूटी आत घेत होते. शेजारच्या ओट्यावर काकू तांदूळ निवडत होत्या आणि काकाजी पेपर वाचत होते. काकू आपल्या बोलत होत्या, ऐकणारा ऐको न ऐको.

"अजी, ते भुरे भाऊ दोन दिवसापासून दिसले नाही. त्यायची कामवाली म्हणे, दार आतून लावून बसले हाय. खिडकीतून म्हणाले, सरकारी काम हाय, दोन दिवस येऊ नको."

पेपर खाली पडला. काकाजी उठले, पायात काही न घालता फाटकाबाहेर पडले आणि चालायला लागले. मग पळायला लागले. त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी स्कूटी तशीच सोडून मागे गेले, आणि माझ्यामागून काकू, कंपाउंडच्या भिंती धरत धरत.

भुऱ्यांच्या घराची खिडकी बंद होती. काकाजींनी तिच्यावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

"भुरे, फोन ठेव. भुरे, ऐकून राह्यला काय?"

आत बोलणं थांबलं. मग भुऱ्यांचा दबका आवाज आला, "सेलोकर, तू जाय. मले बोलता येत नाही."

"मले माहीत हाय तुले बोलता येत नाही. कोणाले सांगू नको म्हणलं ना त्यायनं? देशाचं काम हाय म्हणलं ना? टोकन नंबर सांगतला ना तुहा?" काकाजींचा आवाज सगळ्या गल्लीत जात होता. दारं उघडत होती, माणसं बाहेर येत होती. "ते पोलीस नाही, भुरे. चोर हाय. मले हेच म्हणलं. वर्दी घालून बसला होता समोर. दोन दिवस मी त्या मोबाइलसमोर बसलो, लघवीले जाताना विचारून गेलो. अन् तपासून चार दिवसात वापस करतो म्हणलं, त त्यायनं म्हणलं तेथी पैसे टाकले. निर्मलाच्या पायाचे पैसे होते ते. सारे गेले."

खिडकी उघडली. भुऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता, हातात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये टोपी घातलेला एक माणूस हिंदीत ओरडत होता, बगल में कौन है, किससे बात कर रहे हो. काकाजींनी गजातून हात घालून तो घेतला आणि बंद केला. भुऱ्यांच्या टेबलावर चेकबुक आणि पासबुक काढून ठेवलेलं होतं. बँकेत जायला ते तीनचा मुहूर्त धरून बसले होते, आणि तेव्हा पावणेतीन झाले होते.

भुरे वाचले. पण माझं लक्ष भुऱ्यांकडे नव्हतं. शेवटच्या भिंतीला हात लावून काकू उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. काकाजी वळले तेव्हा दोघं समोरासमोर आले. 

"फॅक्टरीचं मी कधी विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "ते सरकारचं होतं. हे त आपलं होतं ना? हे काहून नाही सांगतलं?"

"सांगू नको म्हणलं होतं त्यायनं."

"अन् मंग? मंग चोर हाय हे समजलं, तवा?"

काकाजी खिसे चाचपू लागले. मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली, की मी तोंड फिरवलं. काकू रडल्या नाहीत. घरी जाताना त्यांनी भिंतीऐवजी काकाजींचा खांदा धरला, तो प्रेमानं की रागानं हे मला कळलं नाही, पण घट्ट धरला होता.

या प्रकारावर मी खूप विचार केला आहे. बडबड्या माणसाला चोर पकडतात ते त्यानं स्वतःच सांगितलेल्या गोष्टींवरून. हे समजण्यासारखं आहे. पण ज्यानं पावसाच्या ॲपलाही काही दिलं नाही, त्याला पकडलं कशानं? एक तर भुऱ्यांच्या यादीनं. असा माझा संशय आहे, छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. आपण तोंड कितीही बंद ठेवलं तरी आपलं नाव दुसऱ्याच्या मोबाइलात असतंच. आणि दुसरं म्हणजे त्यांच्या गुणानंच. वर्दीतला माणूस म्हणाला, घरात सांगायचं नाही. मला कुणी असं म्हटलं असतं तर तो फोन संपायच्या आत मी चार जणींना सांगितलं असतं आणि वाचले असते. काकाजींना मात्र त्यात वावगं काही वाटलंच नाही. चौतीस वर्षं त्यांना सगळे खरे साहेब हेच सांगत आले होते.

पोलिसांत तक्रार द्यायला मी त्यांच्यासोबत भंडाऱ्याला गेले. समोर एक तरुण मुलगी होती, कॉम्प्युटरवर लिहून घेत होती. तिनं सुरुवातीलाच विचारलं, "काका, पहिल्याच दिवशी काहून नाही आले?" काकाजींनी हातरुमालानं कपाळ पुसलं आणि पहिल्या फोनपासून सांगायला सुरुवात केली. त्यांना सांगायची सवय नव्हती. मध्येच थांबायचे, मागचं पुढं करायचे, नको ते बारकावे सांगायचे. त्या वर्दीवाल्याच्या मागे भिंतीवर कोणतं कॅलेंडर होतं तेसुद्धा. मुलीनं एकदाही घाई केली नाही. दोन तास लागले. बाहेर आल्यावर ते रसवंतीवर दोन ग्लास रस प्यायले आणि म्हणाले, "सांगतल्यानं भूक लागते बाप्पा."

त्यानंतर काकाजी वेगळेच झाले. ज्या ग्रुपवर त्यांनी कधी अक्षर टाकलं नव्हतं, तिथं त्यांनी स्वतःचा व्हिडिओ टाकला. मीच काढून दिला. ओट्यावर खुर्ची टाकून, फॅक्टरीच्या फोटोला बसतात तसे ताठ बसले आणि म्हणाले, "मी सदाशिव सेलोकर. मी कसा फसलो ते सांगतो. हसू आलं त हसा, पण पूर्ण पाहा." तो व्हिडिओ कोंढ्याच्या माझ्या मावशीपर्यंत पोचला, आणि तिनं तो मलाच परत पाठवला, 'जरूर पाहा' म्हणून. काहींनी खालती वाईट लिहिलं, म्हातारपणी हाव सुटली असेल वगैरे. काकाजींनी तेही चष्मा लावून वाचलं. त्यांच्या एका जुन्या सोबत्याचा, जो त्यांच्यासंगं रोज त्याच बसनं जायचा, त्याचा फोन आला. आधी त्यानं काकूंच्या गुडघ्यांचं विचारलं. मग म्हणाला, सदा, माह्यासंगही झालं रे, दोन वर्षं झाली, घरी माहीत नाही. काकाजी त्याच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोसमोर बसून राहिले, तो सांगून होईपर्यंत.

काकू मात्र बरेच दिवस मोजकं बोलत होत्या. काकाजींनी एकदा मला भिंतीपाशी बोलावून विचारलं, "सुलभा, तुही काकू आता काही विचारतच नाही मले. तुले काही म्हणली काय?" मी म्हटलं, "काकाजी, विचारल्याशिवाय सांगत जा." त्यांनी मान हलवली. त्यानंतर संध्याकाळी ओट्यावरून त्यांचा आवाज ऐकू यायचा, आज भाजीबाजारात कोण भेटलं, लाइनमन का आला होता, असलं काहीही. काकूंचा "हूं" आधी लांब लांबून यायचा, मग जवळजवळ यायला लागला.

थोडा पैसा बँकेनं मध्येच अडवला होता, तो सुटला. बाकीचा मंजूनं घातला. उन्हाळ्याच्या तोंडावर काकूंना नागपूरला भरती केलं.

मी भेटायला गेले तेव्हा काकूंना आत नेलं होतं. काकाजी कॉरिडॉरच्या बाकावर बसले होते. शेजारी कुणी अनोळखी बाई होती, तिला त्यांचं सगळं सांगून झालेलं दिसत होतं, कारण ती मला म्हणाली, "तुम्ही सुलभा मॅडम ना?" मी बसते न बसते तोच आतून एक नर्स कागद घेऊन आली.

"निर्मला सेलोकर यांच्यासोबत कोण आहे?"

काकाजी उभे राहिले.

"मी. नवरा हाय मी त्यायचा. सदाशिव सेलोकर. मागच्या वर्षीच होणार होतं हे ऑपरेशन, पण त्यायच्या पायाचे पैसे मी घालवले. अन् सांगतलंबी नाही. त्यायनं भिंती धरून आणखी पाच महिने काढले."

नर्सला फक्त सही हवी होती. तिनं पेन पुढे केला. काकाजींनी तो घेतला, आणि सही करायचं सोडून तिला पुढचं सांगायला लागले.